पाठमोरी खुर्ची

नेपल्समधल्या त्या स्वयंपाकघरात रविवारचा मांसाचा रागू वाढला होता. टीव्हीवर गुन्हेगार घराण्याची मालिका बघत नुन्त्सियाताचे तिन्ही मुलगे खिदळत होते. "असला असतो होय डॉन? पिस्तूल धरलंय की झारा?" थोरला म्हणाला. तेवढ्यात मालिकेतल्या विधवेने मेलेल्या नवऱ्याची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. नुन्त्सियाताचा घास हातातच राहिला. तिच्या खून झालेल्या नवऱ्याची खुर्चीही अशीच होती. त्याचा ठावठिकाणा वैऱ्यांना सांगणारा सापडेपर्यंत तशीच राहणार होती. ही गोष्ट या चौघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. थोरल्या दोघांनी चमकून बापाच्या खुर्चीकडे पाहिलं. धाकट्या साबातीनोने मात्र आधी आईच्या चेहऱ्याकडे. "योगायोग असेल, मम्मा," तो म्हणाला. "मी कुठे काय म्हटलं, बाळा?" तिने त्याच्या ताटात आणखी रागू वाढला. "पोटभर जेव." मग उठून तिने नवऱ्याची खुर्ची सावकाश टेबलाकडे वळवली.