तांबडं फडकं

सबनिसांनी रेडिओच्या पाठीचं फळकूट काढलं, आत फुंकर मारली आणि हसले. "गुणाजी, झुरळांनी संसार थाटलाय की हो इथं!"

गुणाजी हसला नाही. कोळीवाड्याच्या या सरकारी रेडिओची चावी त्याच्याकडे असे. रोज सांजेला देवळाच्या ओसरीत तो रेडिओ लावायचा. वादळाची खबर आली की धक्क्यावरच्या बांबूला तांबडं फडकं बांधायचा. खबर नसली की काहीच नाही. बांबू रिकामा म्हणजे दर्या मोकळा, ही रीत वाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती.

खांबाला टेकून नीराबाई बसली होती. गुणाजीची चुलत भावजय. सबनिसांना वाटलं, गाणी ऐकायला आली असेल.

"थांबा हां बाई, आत्ता लावून देतो," ते म्हणाले.

सबनीस माणूस वाईट नव्हता. रेडिओ दुरुस्त करायला अलिबागेहून धूळ खात जीपने आले होते, आणि हात चालू असले की त्यांचं तोंड गप बसत नसे, एवढंच. त्यांनी आतली काचेची एक नळी उपटली आणि उजेडात धरली.

"हा बघा, मेलाय. वरून कसा चकचकीत, आतली तार खलास! या व्हॉल्व्हची जातच अशी. मरायचे ते पहिल्या महिन्यात मरतात, नाहीतर म्हातारे होऊन. मधला कोण कधी जाईल ते ब्रह्मदेवाला विचारा. आता ट्रान्झिस्टर आलेत, लोक म्हणतात ते मरतच नाहीत. मरतात हो! बारीक आहेत म्हणून मेलेले कळत नाहीत."

गुणाजी खाली मान घालून ऐकत होता.

"आणि मुंबईत तर यांत्रिक मेंदू आलाय. खोलीभर आहे. पेपरवाले लिहितात, माणसासारखा विचार करतो. डोंबलाचा विचार! मी पाहून आलोय. बेरजा-वजाबाक्या झकास करतो, पण आतलं एखादं असंच मेलं, की चुकीचं उत्तरसुद्धा त्याच ऐटीत छापतो. 'मला कळत नाही' असं कधी म्हणायचा नाही."

"ह्यो कवा मेला?" नीराबाईनं विचारलं.

"कोण?"

"तुमच्या हातातला."

"ते कसं सांगणार, बाई? गुणाजी, आवाज कधीपासून गेलाय?"

"मंगळवारच्या सांजेपासना," गुणाजी जमिनीकडे बघत म्हणाला. "मना वाटला, ब्याटरी उतरली. म्हटला, सकाली बघू."

"मंगळवारीच माजा हिरामण गेला," नीराबाई म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "होडीत चौघं होती. निघताना त्यानं बांबूकडं बघितला. मी पन बघितला. बांबू रिकामा. राती वारा सुटला तो सुटलाच. बाकीच्या होड्या जवळ होत्या, त्या आल्या. नागावच्या किनाऱ्याला एक फुटका वल्हा लागलाय. आमचा हाय का दुसऱ्या कुनाचा, सांगता येत न्हाय. सून रोज इचारते, बांगड्या ठेवू का काढू? मी काय सांगू तिला?"

सबनिसांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातातली नळी कुठं ठेवावी तेही त्यांना सुचेना.

"वयनी, खबरच न्हवती," गुणाजी रडवेला झाला. "मग मी बांधनार तरी काय?"

"खबर न्हवती, का तुला कळली न्हवती?" ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. मग सबनिसांकडे वळली. "सायेब, खरा सांगा. मंगळवारी इशारा दिला व्हता?"

खोटं बोलावं असं सबनिसांच्या फार मनात आलं. "हो," ते म्हणाले. "अलिबागेला मी स्वतः ऐकला."

त्यांनी मुकाट्यानं नवा व्हॉल्व्ह बसवला. रेडिओ तापायला वेळ लागला. आधी खरखर झाली, मग एकदम कुठलंसं लग्नाचं गाणं वाजायला लागलं. सबनिसांनी घाईघाईनं आवाज कमी केला. गाणं संपलं आणि बातम्या आल्या. शेवटी निवेदकानं स्वच्छ, गोड आवाजात सांगितलं, की कोकण किनाऱ्यावर हवा कोरडी राहील, समुद्र शांत असेल, मच्छीमारांना कोणताही इशारा नाही.

"दर्या शांत हाय म्हनतंय, वयनी," गुणाजी पुटपुटला.

"म्हनंल की! त्याचा काय जातंय?" नीराबाई उठली. "वादळ हाय तर तांबडा बांधायचा. वादळ न्हाय तर कायच न्हाय. आनि आपल्याला कळतच न्हाय, तवा काय बांधायचा, ह्ये कुनी ठरवला हाय का?"

सबनिसांनी हत्यारं पिशवीत भरली. चहा न घेताच ते निघाले.

ऊन कललं तशी नीराबाई धक्क्यावर आली. हातात हिरामणचा कमरेला गुंडाळायचा चौकड्यांचा रुमाल होता, मंगळवारी धुऊन वाळत घातलेला. बांबूच्या टोकाला तिचा हात पुरेना. गुणाजी धावत आला. अडवायलाच आला होता तो. पण तिचं तोंड पाहिलं आणि त्यानं मुकाट बांबू वाकवून धरला. तिनं दोन गाठी मारल्या.

भरती आली. होड्यांत जाळी भरून तयार होती. ओसरीत रेडिओ गात होता आणि दर्या खरंच तेलासारखा पडला होता. नाखव्यांनी एकदा समुद्राकडे पाहिलं, एकदा बांबूकडे. त्या रुमालाचा अर्थ कुणी कुणाला विचारला नाही. त्या रात्री एकाही होडीनं नांगर उचलला नाही.