आवडाबाईंचा हुंकार

“हं,” आवडाबाई म्हणाल्या, आणि सुरेखानं कपाळाला हात लावून पुन्हा रेकॉर्डिंग थांबवलं.

“आत्याबाई, मध्ये हं म्हणू नका ना!”

“मी कुठं म्हणले?” सासूबाईंनी साळसूदपणे विचारलं. खोटं नव्हत्या बोलत बिचाऱ्या. हुंकार काय कुणी ठरवून देतं? कुणी गोष्ट सांगायला लागलं की ऐकणाऱ्यानं मध्येमध्ये हं म्हणायचं, नाहीतर सांगणाऱ्याला वाटतं समोरचा झोपला. करमाडच्या माहेरात हे त्या बोलायच्या आधी शिकलेल्या. नजर अधू झाल्यापासून दुपारचा पेपर सूनच वाचून दाखवायची, आणि पाण्याच्या वेळापत्रकापासून सोन्याच्या भावापर्यंत सगळ्या बातम्यांना सासूबाईंचा हुंकार ठरलेला.

पण आज पेपर नव्हता. पुण्याच्या एका कंपनीला मुलांच्या रहस्यकथेचं ऑडिओबुक करायचं होतं. नमुन्याचं एक पान आलं होतं, ते संध्याकाळी सहापर्यंत वाचून पाठवायचं. आवाज खुद्द लेखिका निवडणार होती. सुरेखाला हे काम इतकं हवं होतं की सकाळपासून ते पान तिनं चार वेळा मनात वाचून काढलं होतं. कन्नड गावच्या शाळेत प्रत्येक कार्यक्रमाचं निवेदन तिचंच असायचं. लग्नानंतर भाजीवाल्याला हाक मारण्यापलीकडे त्या आवाजाला काही काम उरलं नव्हतं.

नवरा गोकुळ मात्र तयारीचा. क्रांती चौकातल्या दुकानातून त्यानं नवाकोरा कॉम्प्युटर आणला होता, आज कंपनीत सुट्टी टाकली होती आणि आवाज एडिट करायची तीन सॉफ्टवेअर उतरवून घेतली होती. “आता ह्यातलं एक निवडायचं, बस!” तो म्हणाला. निवडायची परीक्षाही सोपी. जे मायचा हुंकार काढील ते खरं.

पहिलं फुकटचं. त्यात कापता यायचं, जोडता यायचं, पण शब्दावर चढून बसलेला हुंकार काही हलेना. दुसऱ्यानं हुंकार काढला, पण जाताना सुरेखाचे अर्धे शब्दही सोबत नेले. तिसरं महागाचं, आधी महिनाभर वापरून बघा म्हणणारं. त्यानं हुंकाराची नावनिशाणी ठेवली नाही. फक्त सुरेखाचा आवाज बँकेच्या फोनवरल्या बाईसारखा झाला. मराठीसाठी एक दाबा!

“माय, तू जरा शेजारी द्वारकाकाकूकडं जाऊन बस बरं,” गोकुळ शेवटी म्हणाला.

“जाते की. मशीन लई नाजूक दिसतंय तुमचं,” असं म्हणून आवडाबाई उठल्या. दार मात्र जरा जोरातच लागलं.

पंखा बंद करून सुरेखानं एका दमात पान वाचून काढलं. गोकुळ खूश झाला. “एक नंबर! एकदम क्लीन!”

सुरेखानं ऐकलं आणि तिचा चेहराच पडला. उच्चार चोख, आवाज स्वच्छ, आणि गोष्ट गार. कुणाला तरी सांगतोय असं वाटतच नव्हतं. पुन्हा वाचलं, ते आणखीनच गार. गोकुळनं तिन्ही सॉफ्टवेअरमधली बटणं फिरवून तिचा आवाज जाड केला, बारीक केला, गाभाऱ्यात घुमल्यासारखा केला. रडू यायचं तेवढं बाकी होतं.

साडेपाच झाले तशी ती उठली आणि थेट द्वारकाबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

“आत्याबाई, घरी चला.”

“आता कशाला? माझा आवाज चालत नाय ना तुमच्या मशीनला.”

“आवाज नाही चालत. पण कान तुमचेच लागतात मला. तुम्ही समोर नसल्यावर मी सांगू कुणाला?”

एवढं ऐकल्यावर रुसवा कसला टिकतोय! आवडाबाई हातातला चहा तसाच ठेवून निघाल्या.

आता त्या पदराचा बोळा तोंडाशी धरून सुनेसमोर बसल्या. हुंकार गेला मानेत. मान डोलली की सुरेखाचा आवाज पुढं सरकायचा, भुवया चढल्या की दबका व्हायचा. माळावरच्या ओसाड घरापाशी गोष्टीतली मैना एकटी पोचली तेव्हा गोकुळसुद्धा खुर्चीच्या कडेवर आला होता. सुरेखानं शेवटच्या ओळी वाचल्या, “त्या घरात कित्येक वर्षं कुणी राहत नव्हतं. मैनानं कडी वाजवली. आणि आतून कुणीतरी दार उघडलं.”

पान तिथंच संपलं. आवडाबाईंचा पदर सुटला.

“आगं बाई! कोण व्हतं गं आत?”

“घ्या!” गोकुळनं माऊस ओढला. “थांब, तिसऱ्यात हे एका मिनिटात निघतंय.”

सुरेखानं त्याचा हात धरला. ती हसत होती, आणि किती दिवसांनी अशी हसत होती. “अहो, काढू नका. आहे तस्संच त्या पहिल्यातून पाठवा.”

“डोकं फिरलं का तुझं? हातचं काम जाईल!”

“जाऊ द्या. पण गोष्ट अशीच सांगतात.”

ऐटीत बोलून गेली खरी, पण रात्री दोनदा उठून तिनं ते रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. सकाळी पुण्याचा फोन आला तेव्हा तिनं तो स्पीकरवर टाकला.

“मी स्वरदा बोलतेय,” पलीकडून एक बाई म्हणाल्या. “ह्या पुस्तकाची लेखिका.”

“ताई, ते शेवटचं... माझ्या सासूबाई आहेत त्या,” सुरेखा गडबडून म्हणाली. “मी लगेच काढून पुन्हा पाठवते.”

“अहो, काढताय काय! मी गोष्ट स्वतः लिहिलीय, सगळी पाठ आहे मला. तरी काल ऐकल्यापासून जीव टांगणीला लागलाय. सांगा ना, कोण होतं आत?”