मोहल्ल्याचा शब्द

"चोर वर किल्ल्यात बसलाय आणि शिव्या मी खातोय!"

उबैदच्या भट्टीपुढच्या फळीवर हाजी बद्राननं बसकण मारली. "शिपाई त्या सुभेदार पाशाचे, आणि त्यांना राहायला लोकांची घरं शोधून द्यायची मी. नाही दिली तर कोतवालाच्या काठ्या माझ्या पाठीवर. मुखिया म्हणे!"

उबैदनं रोट्या बाहेर ओढल्या. "तुम्ही आहात म्हणून मोहल्ला तगलाय, हाजी."

"हेच ऐकत म्हातारा झालो."

हाजी खरंच थकला होता. दार वाजलं की कोतवालाचाच माणूस आला असं वाटायचं. गल्लीत तो दिसला की पुरुष उठून उभे राहत, बायका पोरींना आत घेत. एवढा मान होता, पण मानानं पाठीवरचे वळ जात नाहीत. आणि तुर्की सुलतानाच्या अमलातल्या हलब शहरात मुखियाला आपणहून सुटताही येत नसे. मोहल्ल्यानं निवडलेला, मोहल्ल्यानंच काढायचा. शेजाऱ्यांनी काझीपुढे उभं राहून सांगायचं, हा माणूस आम्हाला नको.

"तेवढं करा माझ्यासाठी," हाजी म्हणाला. "सांगा, बद्रान वाईट आहे."

"तोबा तोबा! तुमच्याबद्दल असं बोलायचं?"

"अरे, काझी पुरावा मागत नाही. शेजाऱ्यांचा शब्द त्याला पुरतो. काहीही रचून सांगा, फक्त एका तोंडानं सांगा."

उबैद पिठाचे हात पुसत राहिला. "बघतो. पण मागाहून रागवायचं नाही हं."

"रागावतोय कसला? पाया पडतोय तुझ्या!"

ठरल्या दिवशी सगळा मोहल्ला काझीच्या कचेरीत आला. "कच खाऊ नका रे," हाजीनं दारातच बजावलं.

उबैद पुढे झाला. "काझीसाहेब, हा तोंडं बघून घरं वाचवतो."

हाजीनं मान खाली घातली. हसू आवरत नव्हतं. काय सोंग घेतंय बेणं!

साबणवाला मन्सूर उठला. "याच्या मेव्हण्याच्या दारात आजवर एक शिपाई उतरलेला नाही." आवाज कसा थरथरत होता! याला तर बक्षीसच द्यायला हवं, हाजीला वाटलं.

मग विधवा सालिहा उभी राहिली. "माझ्या घरात लग्नाची पोर. तिथं यानं शिपाई घातले. मी याचे पाय धरले, तर म्हणाला, तुझी खोली मोकळी आहे." तिनं ओढणी घट्ट धरली. "पोर आता बोलत नाही."

काझीनं लेखणी उचलली.

काझीनं निवाडा दिला. मुखियापण गेलं. आणि ज्याच्यामुळे शेजाऱ्यांची घरं सुरक्षित नाहीत, त्यानं त्यांच्यात राहायचं नाही हा तर रिवाजच. हाजीनं बायकापोरांसह मोहल्ला सोडावा.

हाजी हसतच शेजाऱ्यांकडे वळला. "बास झालं आता! सांगा काझीसाहेबांना, मीच पढवलं होतं म्हणून."

लोक चपला शोधत होते.

"उबैद! मी खोटं सांगा म्हणालो होतो. खोटंच सांगितलंत ना? अरे, बोल की!"