सपाट रेघ

"रंग नको, नकाशा नको, गाणी तर मुळीच नकोत," गोदेलीव्हने पर्स काउंटरवर आपटली. "चढ मोजणारं यंत्र दाखव. आणि खोटं न बोलणारं."

"मादाम, चढ सगळीच मोजतात," सायकलच्या दुकानाचा मालक वान्नेस म्हणाला.

"मोजतात ते माहीत आहे. खरं कोणतं मोजतं, ते विचारतेय."

तिच्यामागे तिचा नवरा आशिल पाठीवर हात बांधून टायर न्याहाळत उभा होता, जणू ही खरेदी शेजाऱ्याची आहे. हिवाळ्यात त्याच्या हृदयाने दगा दिला होता. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरने दोघांना समोर बसवून बजावलं होतं: सायकल चालवा, पण नदीकाठाने, सपाटीवर आणि सावकाश. चढ बंद. कॉपेनबर्ग तर कायमचा बंद.

कॉपेनबर्गच्या त्या ओबडधोबड दगडी चढावर पाय न टेकवता माथा गाठायचा, हाच आशिलचा जन्मभराचा तोरा. तो चढल्याशिवाय त्याचा रविवार उजाडत नसे. डॉक्टरपुढे त्याने मान हलवली होती. पण ती मान गोदेलीव्ह चांगली ओळखून होती.

वान्नेसने दोन यंत्रं पुढे ठेवली. दोन्ही काडेपेटीहून जराशी मोठी. "हे स्वस्त. पण हे उंची उपग्रहावरून अंदाजाने काढतं. एखाद्या दिवशी तुमच्या अंगणातही डोंगर उभा करील. आणि याला हे बारीक भोक आहे ना, त्यातून ते हवेचा दाब ओळखतं. हे चुकत नाही. पण तुम्ही सांगितलेल्या पैशांत बसत नाही."

"मग त्यातला नकाशा काढ आणि किंमत कमी कर."

"मादाम, ही काय बटाट्यांची पिशवी आहे?"

"बटाटे विकणारा तुझ्यापेक्षा बरा. निदान चार जास्त टाकतो."

वान्नेस हसला आणि फळीमागून गेल्या वर्षीचं एक यंत्र काढून आणलं. त्याला नकाशा नव्हता, रंग नव्हता, पण भोक होतं. आशिलच्या खिशातल्या फोनशी ते जोडायचं, मग घरी बसल्या बसल्या तिच्या फोनवर तो कुठे आहे आणि किती उंचीवर आहे, दोन्ही दिसणार.

"एक आधीच सांगतो, जागा दाखवताना ते थोडं इकडेतिकडे होतं. स्वस्तातल्या वस्तूला तेवढं माफ करायचं. उंची मात्र पक्की."

"इकडेतिकडे होणाऱ्याला मी जन्मभर सांभाळलंय," आशिलकडे बघत ती म्हणाली. "घेते."

तेव्हा कुठे आशिलने तोंड उघडलं. "भिजलं तर चालेल का रे?"

"फ्लँडर्सच्या पावसात दुकान आहे माझं, आशिल. वाळवंटात नाही."

पहिल्या रविवारी चुलीवर बिअरमधलं मांस शिजत होतं आणि गोदेलीव्हच्या हातातला बटाटा सोलायचा तसाच राहिला होता. फोनवर ठिपका शेल्डे नदीच्या कडेने चालला होता. उंचीची रेघ टेबलासारखी सपाट. आउडनार्डेला बोटी पलीकडे सोडायला नदीवर पाणी अडवणारी दारं आहेत, त्या लॉकपाशी ठिपका थांबला. तिने फोन लावला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. ती कोट शोधायला उठली, तोच ठिपका हलला.

"लॉकपाशी बसून पाव खाल्ला," घरी आल्यावर आशिल म्हणाला. "आणि सायकलवर फोन उचलायचा नाही, हा नियम कुणाचा?"

नियम तिचाच होता.

मग दर रविवारी तेच. सावकाश, सपाट, लॉकपाशी विसावा. कधीकधी तर रेघ सरळ नदीच्या पाण्यातून जायची. "आज पोहत आलास वाटतं," ती म्हणायची आणि आशिल खो खो हसायचा. त्याच्या गालांवर रंग आला होता. बेकरीच्या रांगेत ती चारचौघींना ऐकू जाईल असं सांगायची, "म्हातारपणी का होईना, माझा नवरा ऐकायला शिकला."

शनिवारी पत्ते खेळायला आशिलचा बालमित्र मोरिट्स यायचा. गुडघे गेल्यापासून त्याची सायकल सुटली होती. आता रविवारी तो आपली जुनी बोट तेवढी नदीत फिरवून आणायचा, इंजिन गंजू नये म्हणून.

"डिझेल जाळत हिंडण्यापेक्षा आशिलसारखे पाय हलव," गोदेलीव्हने एकदा त्याला सुनावलं.

मोरिट्सने पत्त्यांत डोकं घातलं. आशिलने त्याचा पेला भरला. "त्याला बोलू नकोस गं. माझा फार उपयोगाचा माणूस आहे तो."

एप्रिलातल्या एका रविवारी दारावर थाप पडली. गोदेलीव्हने आधी फोन पाहिला. ठिपका लॉकपाशी थांबला होता, उंची सपाट. पाव चालला असेल. ती निवांतपणे दाराशी गेली.

दारात सायकल क्लबचा प्रमुख रोलँड होता. हेल्मेट हातात, पिंढऱ्या धुळीने पांढऱ्या.

"गोदेलीव्ह, जरा बसतेस का?"

"माझ्या घरात मला बस म्हणणारा तू कोण? कोण पडलं ते सांग."

"कॉपेनबर्गवर," रोलँड म्हणाला. "पाय न टेकवता वर गेला गं. माथ्यावर हात उंचावून हसला आणि तसाच कोसळला. डॉक्टर लगेच आले, पण काही उरलं नव्हतं."

"अरे, पण कोण?"

"आशिल."

"चल, काहीतरीच." तिने फोन त्याच्या नाकासमोर धरला. "आशिल नदीकाठी आहे. हे बघ. डोळे आहेत ना?"

"आम्हाला म्हणाला, तू परवानगी दिलीस. दर रविवारी म्हणायचा."

गोदेलीव्हने फोन आपल्याकडे वळवला. लॉकची दारं उघडली असावीत. ठिपका त्यांतून बाहेर पडला, नदीच्या मधोमध पाण्यावर आला आणि नेहमीसारखा सावकाश घराकडे निघाला.