दगडावरची नावं

"कापड तुझी आईच ओढणार आहे," हालडिस म्हणाली आणि तिने थर्मासमधून कॉफी ओतली. "तिनेच मागून घेतलंय."

टोरुनने कप घेतला, पण तोंडाला लावला नाही. ऑस्लोत हजारोंपुढे बिनघोर गाणारी बाई, आणि इथे वाळत्या माशांच्या वासातल्या या चिमूटभर बेटावर एक गाणं म्हणायला घाबरत होती. धक्क्याजवळ नवा दगड पांढऱ्या कापडाखाली उभा होता. बेटावरच्या ज्या ज्या माणसांना समुद्राने नेलं, त्यांची नावं त्यावर कोरली होती.

"नावंही तिनेच सांगितली. पाथरवटापाशी रोज जाऊन बसायची. पार पिडलं त्याला." हालडिस टोरुनची शाळेतली मैत्रीण, आता स्मारक समितीची अध्यक्ष. "म्हातारी खमकी आहे हं तुझी."

खमकी तर होतीच. सीवर्ट गेला तेव्हाही ती चारचौघांत रडली नव्हती. सीवर्ट टोरुनचा धाकटा भाऊ. बापाशी कडाक्याचं भांडून एका पहाटे तो होडी घेऊन बाहेर पडला. होडी तेवढी सापडली, रिकामी. बापाने हाय खाल्ली, तोही फार जगला नाही.

पुढच्या वर्षी टोरुनने त्या होडीवर गाणं रचलं, आणि तिचं नशीब उघडलं. उभ्या नॉर्वेत ते गाणं गाजलं. शाळेत मुलं म्हणू लागली, मयतीला लोक म्हणू लागले. मुलाखतीत हमखास भावाचा विषय निघे आणि टोरुन दर वेळी तेच सांगे, समुद्राने नेला.

आईने मात्र ते गाणं एकदाही पुरतं ऐकलं नव्हतं. रेडिओवर लागलं की उठून बंद करायची. नाताळला टोरुन एकटी यायची. आई पोटभर जेवू घालायची, विणलेले मोजे द्यायची, आणि गाण्याचा विषय निघाला की बशा धुवायला उठायची. बेटावर लोक बोलायचे, मेलेल्या भावाच्या जिवावर बहिणीने घर बांधलं. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? लोकांचं टोरुनला काही नव्हतं. आईच्या मनात काय आहे, याची तिला धास्ती होती. आज आईसमोर ते गाणं म्हणायचं होतं. आई मध्येच उठून गेली असती, तर ते गाणं पुन्हा तिच्या तोंडून निघालं नसतं. आणि त्या गाण्यावाचून तिच्याजवळ दुसरं होतं काय?

"तो गाडीतला दाढीवाला कोण गं?" हालडिसने विचारलं. "मासिकातल्या फोटोत कायम तुझ्यामागे असतो. गुपचूप लग्नबिग्न उरकलंस की काय?"

"यार्ले. आमचा साउंडवाला आहे."

"मग दचकलीस कशाला?" हालडिस हसली. "चोराच्या मनात चांदणं."

टोरुन हसली नाही. ती गाडीकडे गेली. लोक जमायच्या आत यार्लेने माईक आणि स्पीकर लावून टाकले होते. आता तो टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता. मांडीवर डबा होता, त्यातला पाव त्याने उष्टावलाही नव्हता.

"तू यायलाच नको होतंस," ती म्हणाली. "एका माईकचं काम. मी केलं असतं."

"एवढी वर्षं तुझी ओझी उचलतोय. आजचं कुणावर टाकू?"

"हालडिस विचारत होती तुझ्याबद्दल."

"विचारू दे." तो काचेतून दगडाकडे बघत राहिला. "ते गाणं आज नको म्हणूस, टोरुन."

"त्याच्यासाठीच तर बोलावलंय मला."

"मग म्हण. मी इथेच बसतो."

तिने गिटार उचलली. ती धक्क्याकडे निघाली.

आई पहिल्या रांगेत बसली होती. अंगात सणावारी घालायचा भरतकामाचा पोशाख, गुडघ्याशी काठी. टोरुनने तार छेडली आणि सगळे गप्प झाले. पहिलं कडवं झालं. आई हलली नाही. दुसऱ्या कडव्याला हालडिसने रुमाल काढला. मागे कुणीतरी हुंदका दिला. टोरुनला गर्दीत फक्त एक चेहरा दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटत नव्हतं. शेवटच्या ओळीला तिचा आवाज फाटला, पण गाणं पार पडलं.

आई उठून गेली नव्हती. टोरुनच्या डोळ्यांना धार लागली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिला मोकळा श्वास घ्यावासा वाटला.

मग आई काठी टेकत दगडापाशी गेली. तिने दोन्ही हातांनी कापड ओढलं. टोपीवाल्यांनी टोप्या काढल्या. लोक पुढे सरकून आपापल्या माणसांची नावं शोधू लागले. कुणी अक्षरांवरून बोट फिरवलं, कुणी फूल ठेवलं.

टोरुनने खालपासून वाचलं. मग वरपासून वाचलं. मागे कुजबुज सुरू झाली.

हालडिसचा चेहरा पडला होता. ती आईच्या कानाशी वाकली. "मावशी, सीवर्टचं राहिलं की हो. आता काय करायचं? त्या पाथरवटाला मी..."

"त्याला काही बोलू नकोस," आई म्हणाली. "मी सांगितली तेवढीच कोरलीत त्याने."

मग ती लेकीकडे वळली. आवाज चढवला नाही, की डोळ्यांत पाणी नाही. तिने टोरुनच्या खांद्यावरचा गिटारचा पट्टा सारखा केला.

"तुझं गाणं म्हणून झालं असलं, तर आता माझ्या लेकाला गाडीतून उतरू दे."