वीतभर माशी

या खेपेला भाऊंनी बोकडाचे केस चांगले वीतभर लांब ठेवले. मागची माशी आखूड पडली असावी, असं ते आठवडाभर मनाला सांगत होते.

गॅलरीतल्या टेबलाला एक चिमटा होता, चिमट्यात जाड सुई आणि सुईवर प्लास्टिकची बारीक नळी. नळीभोवती केस बसवायचे, त्यावर जरीचे धागे, आणि दोरा असा आवळायचा की पाण्यात ते सगळं लहान माशासारखं सळसळलं पाहिजे. मासेमारीच्या भाषेत हिला माशी म्हणतात. नळीतून दोरी ओवून टोकाला लोखंडी गळ अडकवला की ती तयार. पण गळ कुरिअरवाले घेत नसत. तेवढं काम मुलाचं, केदारचं, तिकडे स्वीडनमध्ये, तळ्याच्या काठावर.

त्यासाठी लागणारी जर समोरच्या यंत्रमागाच्या कारखान्यातला हिरामण आणून द्यायचा. लूमखाली पडलेली, पिशवीत कोंबलेली.

"भाऊ, कुणाचं लगीन काढलंय? रोज जर लागते तुम्हाला," तो विचारायचा.

भाऊ नुसते हसायचे. हातभर लांबीच्या, कुत्र्यासारखे दात असलेल्या पाईक नावाच्या माशासाठी, हे सांगायची त्यांना लाज वाटे. त्यांनी स्वतः जन्मात कधी मासा चाखला नव्हता.

माईंना तर हा उद्योग पहिल्यापासून नापसंत होता. केदार व्हिडिओ कॉलवर असतानाच त्यांनी नवऱ्याला सुनावलं होतं, "आज बोकडाचे केस आणलेत. उद्या बोकडच आणा घरात."

"अगं, केदारला एक मासा लागू दे. एकच. मग या सामानाला हात लावणार नाही. शब्द देतो."

"ऐकलंस ना रे केदार? तू साक्षीला आहेस हं."

"ऐकलं, माई," केदार म्हणाला होता.

त्या गोष्टीलाही आता काही वर्षं झाली.

त्याआधी बापलेकांचं बोलणं म्हणजे "जेवलास?", "हो. तुमचं औषध?", "चालू आहे. थांब, माईला देतो." भाऊंचा जन्म शाळेच्या ग्रंथालयात गेला. मुलाशी काय बोलावं ते त्यांना कधी सुचलंच नाही. तो घरात होता तेव्हाही नाही. मग एकदा केदार सहज बोलून गेला, की सुटीच्या दिवशी मी तळ्यावर जातो, पण त्या माशाच्या दातांपुढे दुकानातल्या माश्या टिकत नाहीत. भाऊंनी आयुष्यभर उसवलेली पुस्तकं शिवली होती. टिकेल अशी गाठ, एवढंच त्यांच्यापाशी मुलाला देण्यासारखं होतं.

आता रविवार आला की ते दुपारपासूनच फोन जवळ घेऊन बसत.

"काय रे, लागला?"

"आला होता, भाऊ! केवढा! माशीमागे पार काठापर्यंत आला. तोंडात धरली आणि सुटला."

"माझा दोरा सैल पडला का?"

"नाही हो, दोरा पक्का आहे."

"मग रंग बघू. तिथलं पाणी चहासारखं असतं म्हणतोस. नारिंगी जर लावू?"

"लावून बघा. आणि पुढचं डोकं जरा जड करा, म्हणजे खाली जाईल."

तासभर हे चाले. माईंच्या हाती फोन येईपर्यंत केदारची निघायची वेळ झालेली असे.

घरकामाला येणारी रूपा खाडीकाठच्या पूर्णा गावची. तिचा नवरा खाडीत जाळं टाकायचा. आज फरशी पुसता पुसता ती टेबलापाशी थबकली.

"भाऊ, अजून न्हाय गावला?"

"नाही गं."

"आमच्या विशालला येक दिस गावतं, येक दिस न्हाय. तुमच्या केदारदादाला कवाच न्हाय? त्या माशाला तुमचा माल पसंत न्हाय वाटतं."

"रूपा, फरशी पूस," आतून माई म्हणाल्या.

रूपा हसत हसत पुढे सरकली. भाऊंना मात्र ते लागलं, कारण त्यांच्या मनात कधीपासून तेच होतं. दोष माशीतच होता. दुकानातली चांगली वापरली असती तर पोराला कधीच मासा मिळाला असता. बापाचं मन मोडायचं नाही म्हणून तो दर सुटीला गारठ्यात उभा राहतो, आणि रिकाम्या हाताने परततो.

त्यांनी माशीवरचे केस विंचरले, तिला उजेडात धरून पाहिलं. मग केदार ऑफिसात असेल अशी वेळ बघून त्यांनी सुनेला फोन लावला.

"वल्लरी, केदारला एक सांगशील? म्हणावं, दुकानातली माशी आण. मी आता हे बंद करतो."

"का हो भाऊ? तब्येत बरी आहे ना?"

"मी बरा आहे. पण माझ्या हाताला ते जमत नाही. इतकी वर्षं एक मासा लागू नये? तो बिचारा काही बोलत नाही, पण मला कळतं ना." त्यांनी माशी टेबलावर ठेवली. "त्याच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, 'भाऊ, लागला.' तेवढीच हौस होती. आता नको. त्याचे रविवार फुकट नकोत जायला."

वल्लरीने आवाज हळू केला.

"भाऊ, मी सांगितलं असं त्याला कळू देऊ नका हं."

"नाही कळू देत. बोल."

"मी जाते ना त्याच्याबरोबर. तुमची माशी पाण्यात पडली की मासे नुसते तुटून पडतात तिच्यावर. एक सुटला की दुसरा."

"मग लागत कसा नाही?"

"कसा लागेल, भाऊ? तो गळच लावत नाही."