कूस बदलताना

"थांबा, उचलू नका!" रुखसाना सिस्टर एकदम म्हणाल्या. पडून पडून कुमुदिनीच्या पाठीवर झालेल्या जखमेचं ड्रेसिंग करायला त्या आज पहिल्यांदाच घरी आल्या होत्या.

दत्ताराम घाग बायकोच्या काखेत हात घालून तिला उचलायच्या बेतात होते. कुमुदिनीची उजवी बाजू लुळी पडली, त्याला दोन वर्षं झाली. तिच्यासाठी त्यांनी एसटीच्या वर्कशॉपमधली नोकरी मुदतीआधीच सोडली. तेव्हापासून दर दोन तासांनी तिला असंच उचलून दुसऱ्या कुशीवर ठेवायचं. आता त्यांच्याच कमरेला पट्टा होता.

सिस्टरनी कुमुदिनीचा पलीकडचा गुडघा वाकवला, हात छातीवर ठेवला आणि खांदा नि कंबर धरून तिला आपल्याकडे वळवलं. जोर असा लागलाच नाही.

"दवाखान्यातून सोडताना दाखवलं नव्हतं का कुणी?"

"गोळ्या कशा द्यायच्या तेवढं सांगितलं." मग दत्तारामांचा आवाज चढला. "एवढं सोपं होतं, तर दोन वर्षांत एकाला तरी सांगायला काय झालं होतं?"

सिस्टर बाजूला सरकून म्हणाल्या, "आता तुम्ही करा."

पहिल्या खेपेला हात चुकला. दुसऱ्या खेपेला कुमुदिनी अलगद वळली.

"कंबर... दुखली का हो?" तिने अडखळत विचारलं. ती हे रोजच विचारायची आणि ते रोज नाही म्हणायचे.

"नाही गं," दत्ताराम म्हणाले. या वेळी ते खरं होतं.